मंडईतलं रडनं

बसा भाऊ, चहा येऊन राह्यला. तोवर तुमाले एका रडन्याची गोष्ट सांगतो. सांगतानी माहं डोस्कं अजून तापते, पन ऐका.

चामोर्शीकडल्या एका गावची वच्छला. तिची मोठी बहीन मनकर्णा त्याच गावात देलेली, देवाजी तिचा नवरा. मांगच्या वर्षी उन्हाळ्यात तापानं गेली. आपल्या इकडं बाई मयतीत रडते तं सुरात रडते, आन रडता रडता मेलेल्याशी बोलते. पोटात असन थे सारं वकते. कोनं मारलं, कोनं उपाशी ठेवलं, कोनं दवाखान्यात नेलं नाई. अंगनातली मान्सं ऐकतेत, पन उठल्यावर त्यातला एक शब्द कोनी काढत नाई. ज्याले बोल लागला, तोच सांजेले रडनारीले पानी नेऊन देते. हा रिवाज हाये, म्हून तं सोयरे टिकले.

वच्छला त्या दिवशी देवाजीले लय बोलली. काय बोलली, थे मी बी नाई सांगत. देवाजीनं मुंडी खाली घालून ऐकलं, आन सांजेले पान्याचा गडवा तिच्यापुढं ठेवला. मिटलं. पानकाळ्यात धानाच्या रोवन्याले तिच्या बांदीतल्या चिखलात तोच पहिला उतरला.

आता तवाच फिनलंड देशातले चार जन गावात आलते. बाजे वाजवनारे. वच्छलाचा पोरगा निकेश चंद्रपुरात शिकला. तो त्याईले रोवन्याची गानी, डफ, जातं, असे जुने आवाज दाखवत फिरे. म्होरकी हिल्माबाई. मयतीच्या दिवशी कुडाआड त्याईचा माइक उभा होता. निकेशच्या हातात.

दिवाळीनंतर मंडई भरली, आपली गावची जत्रा. घरोघर पाव्हने. नाटकाच्या आंधी स्टेजवर ह्या चौघाईचं वाजवनं ठेवलं. हिल्माबाईचा बाजा तिच्या देशातला जुनापुराना, तारा घोड्याच्या शेपटीच्या. बाकीच्याईजवळ सारंगीवानी लहानमोठे बाजे. एकानं कमान तारा सोडून लाकडावरच घासली. खर्रर्र!

मांगून कोनी वरडलं, "अबे, तेल टाका ना, रहाट सुकला!"

सारी मंडई हासली. वच्छला बी हासली.

मंग त्या खरखरीतून बाईचा सूर निंगाला. भोंग्यातून. "माहे बाई वं, मनकर्णाबाई..." वच्छलाचं हासनं थिजलं. तिचाच आवाज! आन पुढं देवाजीचं नाव, आन त्याले देलेला बोल. तेवढाच तुकडा त्याईनं फिरवून फिरवून लावला. सुरात चांगला बसे म्हने.

सोयरे मुंड्या वळवून पाहाले लागले. देवाजी नव्या जावयाजवळ बसला होता. उठला, दुपट्टा झटकला, निंगून गेला.

वच्छला पदर खोचून स्टेजवर चढली. "बंद कर थे!"

निकेश मंधात आला. "आई, त्याईले शब्द समजत नाई वं. त्याईले फक्त आवाज पाह्यजे होता."

"तुले समजत होते ना रे? तू कोन्या देशातला?"

"कला हाये थे, आई."

"मुडद्या! मावशीच्या तोंडावरचं कापड काढून मंडईत फिरवलं, आन कला म्हनतं?"

हिल्माबाईनं निकेशले विचारलं, त्यानं सांगतलं. बाई खालीच बसली. म्हने, आमच्याकडं बी म्हाताऱ्या अशाच रडत होत्या. आता कोनी रडत नाई. म्हून थे आमाले ठेवाचं होतं.

"तं तुह्या म्हातारीचं ठेव!" वच्छला कडाडली. "माहं पुसून टाक. आत्ता!"

बाईनं साऱ्याईसमोर पुसलं. तवा निकेश खालच्या मानेनं बोलला, "आई, त्याईच्या देशात थे गानं कवाच निंगालं. मोबाईलवर साऱ्या जगात हाये."

वच्छलानं त्याच्या मुस्काटात ठेवून देली. मंग घरी गेली, गडवा भरला, आन देवाजीच्या दारात नेऊन ठेवला. आता पानी नेन्याची पाळी तिची होती. देवाजीनं दार उघडलं नाई. सकाळी गडव्यात चिमनी पानी पिऊन राह्यली होती.

यंदा रोवन्याले देवाजी आला नाई.

म्हून भाऊ, तुमच्या मोबाईलवर कधी असा खरखर करनारा बाजा आला, आन त्यात आपल्या इकडची बाई रडतानी ऐकू आली, तं तिनं देवाजीचं नाव घ्याच्या आंधी बंद करजा.