दहा टक्के युरिया आणि जनीबाईचा अंगठा

विषय : सौ. जनी दयाराम घरत यांच्या अंगठ्याच्या रेषा यंत्रास न दिसल्याबाबत.

संदर्भ : १) रेशनकार्डावरील प्रत्येक नावाची यंत्रावर ओळख पटवून देण्याची सूचना. २) अंगाला लावायच्या लोशनची बाटली, नग एक.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी युरिया आहे. गोणीतला नव्हे, बाटलीतला. गोणीतला माझा सख्खा भाऊ. त्याचा संबंध पुढे येतो, आणि तो चांगला नाही.

आम्हा दोघांचा जन्म एकसारखाच. दोन वायू प्रचंड दाबाखाली एकत्र आले आणि आम्ही पांढरे होऊन खाली उतरलो. वायूपण मला अजून अंधूक आठवते. कशालाच चिकटून नसल्याची ती एक तरंगती आठवण आहे. पुढे भाऊ भातशेतीकडे गेला. मला गाळून, शुद्ध करून लोशनच्या कारखान्यात पाठवले आणि ‘सक्रिय घटक’ या पदावर माझी नेमणूक झाली. बाटलीवर छापले : युरिया दहा टक्के. सोबत लॅक्टिक ॲसिड पाच टक्के, नायसिनामाइड दोन. बाकी पाणी, तेल आणि सुगंध. कोणत्याही कचेरीत साधारण हेच प्रमाण असते. काम मोजके करतात आणि लोकांच्या लक्षात राहतो तो सुगंध.

मला घरी आणले प्राप्तीने. ही जनीबाईची नात. अलिबागला एका मेडिकलच्या काउंटरवर असते. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या बायकांना ‘रेटिनॉल रात्री लावा, व्हिटॅमिन सी सकाळी’ असे ती न अडखळता सांगते. पण मला तिने नितळ कांतीसाठी नव्हे, तर आजीच्या झिजलेल्या अंगठ्यावर रेषा परत याव्यात म्हणून घेतले होते.

रेशन दुकानात काय घडले, ते प्राप्तीने पहिल्याच दिवशी, माझे बूच उघडताना, हसत-चिडत सांगितले. दुकानदार अल्पेशभाईने यंत्र पुढे केले होते.

“मावशी, अंगठा नीट पुसा.”

“पुसला रं. किती पुसू? पुसून पुसूनच त गेला.”

दहाही बोटे झाली. यंत्र लाल दिवा दाखवत राहिले. मग मोबाईलवर चेहरा दाखवून झाला. अल्पेशभाई म्हणाला, “आता डोळे मिटा, उघडा.” जनीबाईने मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मोतीबिंदूवाले डोळे त्यालाही पटले नाहीत.

“या वयात डोला मारला,” जनीबाई म्हणाली, “त पन मेल्याला पसंत न्हाय!”

महिनाअखेरपर्यंत ओळख पटली नाही तर नाव कार्डावरून निघणार होते. धान्याचे तिला फारसे वाटत नव्हते. “तांदूल जाऊ दे गं. पन माजा नाव कशाला खोडतान? मी हाय ना हितं?” हे मात्र ती रोज एकदा विचारायची.

दुपारची जेवणे झाली की जनीबाई मागल्या पडवीत बसायची आणि प्राप्तीने शिकवल्याप्रमाणे मला हातावर चोळायची. पहिल्यांदा आत उतरलो तेव्हा मला वाटले, मी एखाद्या मिठागरातच आलो आहे. कोरडे चौकोन, मधून बारीक बांध, सगळीकडे पांढरे ऊन. पन्नास उन्हाळे त्या कातडीत एकावर एक निजले होते. कोणी हाक मारली असती तरी आवाज पोचला नसता, इतके ते आत खोल होते.

जनीबाईने जन्मभर मिठागरात एकच काम केले. खाडीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हाला द्यायचे आणि मागे राहील ते फावड्याने ओढायचे. माझेही काम एकच. पाणी धरून ठेवणे. म्हणजे आमच्या दोघांत खरे तर दावाच लागायला हवा होता. तो लागला नाही. मी एकेक थेंब मुठीत धरून तिच्या अंगठ्यात बसून राहिलो. लॅक्टिक ॲसिड शेजारी वरची मेलेली कातडी हळूहळू सोडवत होते. बाहेर भरती यायची, जायची, आणि आम्हाला ती रक्तातूनच ऐकू आल्यासारखे वाटायचे.

नवव्या दिवशी प्राप्तीने अंगठा उजेडात धरला. “आजी, बघ! दोन रेषा आल्या!”

“माज्या नशिबाच्या न्हाईत ना?”

“नाही गं, अंगठ्याच्या.”

“मंग बरं.”

आणि इथे दयाराम घरत यांचा प्रवेश होतो. जनीबाईचे यजमान. तीस वर्षे त्यांनी खताच्या कारखान्यात गोणी वाहिल्या. एका दुपारी त्यांनी बाटली लांब धरून वाचली आणि ते हसायलाच लागले.

“युरिया? दहा टक्के? अगं, याच्या गोनी मी पाठीवर मारल्यात. पाठ न्हाय कवा मऊ झाली!”

“आजोबा, तो वेगळा,” प्राप्ती म्हणाली.

“युरिया त युरिया. आपल्या आगरातलंच मीठ पिशवीत भरून दुकानात जातं का न्हाय? पिशवीवं नाव बदलतं. मीठ बदलतं क्या?”

मिठागरावर जगलेल्या घरात हा मुद्दा खोडणे कठीण होते. मीठ खरेच बदलत नाही. प्राप्ती कामाला निघून गेली आणि मुद्दा घरातच राहिला.

शेवटच्या तारखेला चार दिवस उरले तेव्हा बाटलीने तळ गाठला. रेषा अजून दोनच होत्या. दयारामांनी भातासाठी आणलेली गोण सोडली, ओंजळभर दाणे तांब्यातल्या कोमट पाण्यात टाकले. युरिया विरघळताना पाणी गार होते. दयारामांना ते शुभलक्षण वाटले. ते सगळे त्यांनी बाटलीत ओतले, बूच लावून हलवले. बायकोच्या अंगठ्यांना जाडसर लावून वर फडके बांधले. कार्डावर तिचे नाव आपल्या नावाखालून जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

मी आत होतो. भाऊ आला तो लोंढ्यासारखा. त्याला सावकाश काम ठाऊक नाही. भेगा दिसल्या की तो त्यांत शिरतो. मी त्याला ओरडून सांगितले की हे शेत नव्हे. पण दहा टक्केवाल्याचे कोण ऐकतो?

फडके सोडले तेव्हा दोन्ही अंगठे लालबुंद होते.

“अवो,” जनीबाई म्हणाली, “माज्या हातावं भात लावायचाय क्या?”

पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. दोन दिवसांत वरची कातडी सोलून निघाली, आणि रेषाही तिच्याबरोबर गेल्या. प्राप्ती आजोबांवर कडाडली, मग खोबरेल लावताना रडली. बाटलीत उरलेले ते पाणी दयारामांनी मागल्या मिरचीला घातले आणि तिथेच उभे राहिले. मिरची पुढे चांगली तरारली. त्यांनी तिच्याकडे पुन्हा पाहिले नाही.

“त्यांना काय बोलू नको,” जनीबाईने नातीला सांगितले. “तीस वर्सं त्या गोनीच्या खाली व्हते. आज पयल्यांदा तिचा कायतरी उपेग व्हईल, असं वाटलं त्यांना.”

शेवटच्या दिवशी यंत्राने पुन्हा नकार दिला. अल्पेशभाई म्हणाला, “मावशी, लेखी अर्ज करा. तोवर मी थांबतो, पण यंत्र थांबत नाही.” प्राप्तीने अर्ज लिहिला आणि तिघे तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गेले. मीही गेलो, सोललेल्या कातडीखाली जेवढा उरलो होतो तेवढा.

कारकुनाने अर्ज शांतपणे वाचला. “खाली सही?”

“सही येत न्हाय.”

“मग अंगठा द्या.”

जनीबाईने त्याच्याकडे पाहिले. “सायेब, अर्ज कसला हाय त्यो वाचलास ना?”

“वाचला, आजी. पण त्याशिवाय घेता येत नाही. डावा चालेल.”

शाईचा पॅड पुढे आला. शाई गार लागली. कागदावर एक जांभळा, गुळगुळीत लंबगोल उमटला. त्यात एकही रेषा नव्हती. कारकुनाने शेजारी लिहिले, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा, जनी दयाराम घरत’, आणि साक्षीदार मागितला. दयाराम पुढे झाले.

“तुम्ही यांना ओळखता?”

“पन्नास वर्सं झाली,” दयाराम म्हणाले. “अजून वलख चाललीच हाय.”

जनीबाई खळखळून हसली. अंगठे दुखत असूनही त्यांचा दंड धरून हसली. दयारामांनी वळणदार नसलेली, पण पूर्ण सही केली.

माझ्यापुरते सांगायचे तर मी आता फार उरलेलो नाही. आठवडाभरात जुन्या कातडीबरोबर झडून जाईन. खाली नवी कातडी येते आहे, एवढे मी आतून पाहिले आहे. तिच्यावर काय उमटेल ते मला सांगता येणार नाही. निर्णय होईपर्यंत नाव खोडू नये, ही विनंती.

अर्ज आवक केला असून पोच मिळाली आहे. निर्णय प्रलंबित आहे.