कोठीच्या खांबांवरचे आकडे

थडग्यावरच्या छपरीतला विस्तव वर्षभर विझू द्यायचा नाही, हा सिबुक गावचा रिवाज. ओलाक रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तिथं जायची, राख उकरून निखाऱ्यांवर दोन लाकडं सारायची, पानावर भात आणि बांबूच्या नळीत घरची अपोंग, तांदळाची दारू, ठेवायची आणि निघायची. असे सात महिने झाले होते. आबूशी ती काही बोलत नसे. बापाला जे सांगायचं होतं ते तो जिवंत असताना सांगायला हवं होतं. आता भात वेळेवर पोचला तरी पुष्कळ.

छपरीला त्याच्या वस्तू टांगल्या होत्या. वेताची टोपी, धनुष्य, पातेलं. मेलेल्याबरोबर द्यायची वस्तू आधी मोडून द्यायची, म्हणजे जिवंत माणसाचा जीव तिच्यात गुंतत नाही. टोपीची कड तामुककाकानं कापली होती, आबूच्या धाकट्या भावानं. पातेल्यावर कोयता ओलाकनं चालवला. तो मान मुलीचा.

पातेलं विमानाच्या पत्र्याचं होतं. मोठ्या युद्धात पलीकडे चीनला माल नेणारी विमानं ढगात वाट चुकून या डोंगरांवर आदळत. गावात घरटी त्यांचं काही ना काही होतंच. कुणाकडे फणी, कुणाकडे वाडगा, कुणाच्या कोयत्याची मूठ. आबू बारा वर्षांचा असताना आपल्या बापाबरोबर वरच्या खिंडीतून पाठीवर पत्रे घेऊन उतरला होता.

कापणी संपली त्या आठवड्यात लॉर्ना आली. पंचावन्न वर्षांची, अमेरिकेची, दुखऱ्या गुडघ्यानं चार दिवस चढून आलेली. ओलाक शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून पाहुणी तिच्याच घरी उतरली. चुलीपाशी बसल्यावर लॉर्नानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"एकाच सकाळी दोन विमानं उडाली," ती म्हणाली. "एकाचा नंबर चार एक सहा आठ दोन सात. दुसऱ्याचा तोच, फक्त आठच्या जागी तीन. आठवाल्यात माझे वडील होते. मी तेव्हा आईच्या पोटात."

"आणि खिंडीतलं कुठलं, ते ठाऊक नाही."

"एक इथं पडलं, एक नदीपलीकडे. पलीकडचं कुणाला सापडलेलंच नाही. तुमच्या वडिलांच्या पातेल्यावर आकडे ठोकलेले आहेत, असं मोजणीला आलेल्या एका माणसानं लिहून ठेवलंय. आकडे मात्र उतरवून घेतले नाहीत त्यानं." लॉर्ना हसली. "नदीपलीकडे चढायला माझा गुडघा आता तयार होईल असं वाटत नाही. म्हणून विचारायला आले."

ओलाकनं विस्तवात उगीचच एक काटकी घातली. घरात पुस्तकांची दोन कपाटं होती. डिब्रुगढहून मागवलेली, पाहुण्यांनी सोडून गेलेली, सगळी वाचलेली. आणि ज्या पातेल्यात तीस वर्षं भात शिजवला, त्यावरची ओळ तिनं कधी वाचली नव्हती. काजळीखाली काहीतरी हाताला लागायचं, एवढंच. कोयता चालवायच्या दिवशी पात्याला सपाट जागा हवी म्हणून तिनं नेमकी तीच निवडली होती.

सकाळी ती लॉर्नाला छपरीपाशी घेऊन गेली. हात लावायचा नाही, एवढं आधीच बजावलं. पातेलं वाऱ्यानं थोडं फिरत होतं. सात महिन्यांच्या पावसानं काजळी धुऊन निघाली होती आणि आकडे स्पष्ट दिसत होते. चार, एक, सहा. मग बोटभर लांब भेग. मग दोन, सात.

लॉर्ना बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"हा घाव माझा आहे," ओलाक म्हणाली. "आमच्यात करतात. मीच केला."

"तुला कसं माहीत असणार?"

"वाचता येत होतं मला."

लॉर्नानं विचारलं, पातेलं खाली शहरात नेता येईल का, भेगेच्या कडा यंत्राखाली तपासून आकडा सांगणारी माणसं असतात. ओलाकनं ते काकाला सांगितलं. तामुककाका दारात बसून वेत सोलत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"दादाच्या चुलीवरचं पातेलं उतरवायचं? मग तो जेवायला घरी येईल. आणि तुझ्या हातचं खाऊन पुन्हा मरेल."

"काका, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. दिलेलं ते दिलं. या पाहुणीला गोठ्यातला मिथुन बैल दे, माझा कोट दे, ही म्हातारी काकू दे. ते पातेलं नाही."

"हो, मला द्या!" आतून काकू ओरडली. "अमेरिकेत निदान वेत तरी सोलावा लागणार नाही!"

लॉर्नाला काही कळलं नाही, पण काकू हसली म्हणून तीही हसली. ओलाकला हसू आलं नाही. काकाचं बरोबर होतं, आणि तेच जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच छपरीवर न्यायला तांदूळ हवे म्हणून ओलाक कोठीकडे गेली. गावच्या कोठ्या घरांपासून लांब, ओढ्याच्या अलीकडे रांगेनं उभ्या. घराला आग लागली तरी धान्य वाचावं म्हणून. प्रत्येक कोठी लाकडी खांबांवर, आणि खांबाच्या डोक्यावर एकेक गोल तबक, उंदराला वर चढता येऊ नये म्हणून. इतरांची तबकं लाकडाची. आबूच्या कोठीची सहाही पत्र्याची.

शिडीवर एक पाय ठेवला आणि ती थांबली.

ती नऊ वर्षांची असताना धरणीकंपानं ही कोठी एका कुशीवर कलली होती. काकानं एक तबक निघालेलं पाहून पटकन बसवून टाकलं. संध्याकाळी आबू आला, त्यानं वाकून खाली बघितलं आणि तबक फिरवून लावायला सहा माणसांना पुन्हा बोलावून आणलं. काका तेव्हा केवढा भडकला होता! "उंदराला काय कळतंय वर कुठलं नि खाली कुठलं!" आबू म्हणाला होता, "त्यावर कुणीतरी ओळीनं काढलंय. आपल्याला कळत नाही म्हणून मोडायचं नाही." गावानं वर्षभर त्याची टिंगल केली. ओलाकलाही तो हट्टच वाटला होता.

रिकामी टोपली तिथंच ठेवून ती कोठीखाली रांगत शिरली.

पहिल्या रांगेत तीन खांब. तबकांच्या खालच्या अंगाला शेवाळं आणि कोळ्यांची जाळी. तिनं पदरानं पुसलं. मधला भाग खांबाच्या डोक्यानं झाकलेला, पण कडेला पिवळा रंग होता, हाताएवढ्या रुंद रेघांचा. एका तबकावर चारची वरची टोकं. पुढच्यावर नुसती एक सरळ रेघ. तिसऱ्यावर सहाचं पोट. विमानाच्या शेपटीवरचा नंबर, न वाचता येणाऱ्या माणसानं जसाच्या तसा लावून ठेवलेला. मागच्या रांगेतल्या पहिल्या खांबाशी ती गुडघ्यांवर पोचली. एका बाजूची गोलाई साफ दिसत होती. दुसऱ्या बाजूला रंगाचे पोपडे उडालेले, उरलेलं तुळईच्या सावलीत. बंद की उघडं, सांगता येईना. आणि अंदाजानं तिला सांगायचं नव्हतं. या खेपेला नाही.

ती काकाकडे धावत गेली. काकानं ऐकून घेतलं. वेत खाली ठेवला.

"भरलेली कोठी उचलायची? आत्ताच भरलीय."

"एकच कोपरा, काका."

"तुझ्या बापानं एकदा उचलायला लावली, आता तू. दोन पिढ्या माझी कंबर मोडणार." तो उठला, अंगणातून ओरडला, "अरे या रे, दादाचा नंबर लागलाय पुन्हा!"

माणसं आली. कुणी जाड बांबू आणले, कुणी टेकू द्यायला दगड. लॉर्नाही दुखरा गुडघा घेऊन एका बांबूला लटकली. कुणीतरी म्हणालं, हिला लटकूच दे, कोठी हलकी झाली. ती हसली, बांबू काही सोडेना. काकानं आरोळी दिली. तुळई करकरली, चार बोटं वर आली, काकानं हात घालून तबक सरकन बाहेर ओढलं आणि ते ओलाककडे दिलं.

तिनं पत्रा उन्हात धरला. उजवी बाजू बंद होती. डावीकडे पोपडे उडाले होते, पण रंग जिथं होता तिथं पत्रा उजळ राहिला होता, आणि त्या उजळ रेघा वरही वळल्या होत्या, खालीही. दोन्हीकडून बंद.

"आठ," ती म्हणाली. मग पुन्हा, स्पष्ट, लॉर्नाकडे बघून, "आठ आहे."

लॉर्ना खाली मातीत बसली. बराच वेळ तिनं त्या आकड्यावर हात ठेवला होता. माणसं बांबू धरून उभी होती आणि कुणी घाई केली नाही. शेवटी तिनं विचारलं, "वर काही उरलं असेल का?"

ओलाकनं काकाला विचारलं.

"आम्ही पत्रे आणले त्याच्या आधी बापानं तिथं दगड रचले होते," तो म्हणाला. "माणसांवर. मी लहान होतो, पण दादानं मला जागा दाखवलीय. माळ ओलांडला की दीड दिवस. हिचा गुडघा चालत नसेल तर टोपलीत बसवून नेऊ. माझी कंबर गेलीच आहे तशीही."

ओलाकनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं, कंबरेसकट.

"हे तबक तुम्हाला न्यायचं असेल तर न्या," ती पुढं म्हणाली. "आम्ही तिथं लाकडाचं बसवू."

लॉर्नानं पत्रा उलटसुलट बघितला, मग पाचव्या-सहाव्या खांबांकडे बघितलं, जिथं दोन आणि सात अजून जागेवर होते.

"नको," ती म्हणाली. "ओळ मोडेल."

काकानं तबक हातात घेतलं. बसवण्याआधी ते तीनदा फिरवलं, आणि तीनदा ओलाकच्या तोंडाकडे बघितलं. ती मान हलवेपर्यंत त्यानं खांबावर टेकवलं नाही.

छपरीवर पोचायला त्या दिवशी दुपार झाली. विस्तव राखेखाली जेमतेम धुगधुगत होता. ओलाकनं फुंकर घातली, लाकडं सारली, भात ठेवला. मग नेहमीसारखी उठली नाही. पातेल्याखाली बसली आणि सांगायला लागली, "आबू, आज काय झालं माहितीय..."