तिसऱ्या मजल्याचा पेशंट

सुमंगला हेब्बार भूल देणारी डॉक्टर होती, पण हॉस्पिटलात तिला सगळे ‘खुब्याच्या सुईवाली बाई’ म्हणत. नाव तिनं कष्टानं कमावलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस कॅज्युअल्टीत आलं की एक्स-रेसाठी हलवतानाच अर्धमेलं होतं, पाठीखालची चादर सरळ करायला गेलं तरी किंचाळतं. अशा माणसाला आल्याआल्या जांघेतल्या नसांजवळ बधिर करणारं औषध द्यायचं, म्हणजे ऑपरेशन होईपर्यंत त्याला सुखानं पडून राहता येतं. नेहमीच्या वेदनाशामक इंजेक्शनांपेक्षा हे किती बरं, ते दाखवून द्यायला तिनं अभ्यास मांडला होता. “ऑपरेशन झालं की दुखणं थांबेलच, एवढी घाई कशाला?” असं विचारणाऱ्या हाडांच्या बड्या डॉक्टरांना तिनं भर बैठकीत सुनावलं होतं, “तुमचा खुबा मोडू दे सर, मग सांगते.”

त्या सकाळी तिचा अभ्यास बघायला दिल्लीहून दोघं पाहुणे आले होते. तिच्याबरोबर चार शिकाऊ डॉक्टर होते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पाहुण्यांना नस शोधायचं यंत्र दाखवून झालं, सुई दाखवून झाली, आता एखादा पेशंट आला म्हणजे बरं, असं तिच्या मनात यायला आणि दारातून स्ट्रेचर आत यायला एकच गाठ पडली.

“बस स्टँडच्या पायऱ्यांवरून पडलाय,” रिक्षावाला म्हणाला. “टाइट आहे, मॅडम. उभंही राहता येत नव्हतं. चार माणसांनी उचलून घातला.”

स्ट्रेचरवर पंचावन्नच्या आसपासचा माणूस होता. धुतलेला पांढरा शर्ट, लुंगी. उजवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला. खुबा मोडलाय हे सांगायला एक्स-रेची गरज नव्हती. पण त्याचं तोंड बघून सुमंगला थबकली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जबडा सैल, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. बोलायला गेला तर नाकातून गुणगुण आली, शब्द एकमेकांत लडबडलेले.

“ए, सकाळी सकाळी किती घेतलीस?” तिनं मोठ्यानं विचारलं.

त्यानं मान हलवली. हात उचलून छताकडे बोट केलं. “व... वल... ति...”

“वर जायची घाई झालेली दिसते,” श्रीवत्स नावाचा शिकाऊ डॉक्टर पुटपुटला. पोरं खुसखुसली. मास्कच्या आड सुमंगलाही हसली.

मग ती पाहुण्यांकडे वळली. “हे बघा, असा पेशंट आम्ही घेत नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाची संमती ती कसली? त्याला दुखणं एक ते दहामध्ये सांग म्हटलं तर काय सांगणार? अभ्यास अशानंच बिघडतो.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या माणसानं पुन्हा बोट वर केलं, स्ट्रेचरच्या कडेला हात आपटला, उठून बसायची धडपड केली आणि मोडलेला पाय हलल्यामुळे असा ओरडला की पलीकडच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं.

“याला जरा शांत करा,” ती श्रीवत्सला म्हणाली. “वेदनेचं नेहमीचं द्या, आणि झोपेचं थोडं. उतरली की बघू.”

आणि ती पाहुण्यांना घेऊन चहाला गेली.

चहाबरोबर गोळीबजे, मैद्याची गोल भजी, होते. पाहुण्यांनी अभ्यासाची तारीफ केली. सुमंगला बोलत होती, समोरचे ऐकत होते, आणि आपल्या हातून काही बरं काम होतंय या भावनेनं ती सुखावली होती. तेवढ्यात मेंदूविकाराचे डॉक्टर केदिलाय दार उघडून आत आले. शांत गृहस्थ, जिन्यावरूनसुद्धा हळू उतरणारे. आज धापा टाकत होते.

“हेब्बार, कॅज्युअल्टीत पडून कुणी आलाय का? लोकय्या नावाचा? माझा पेशंट. सकाळी यायचा होता, अजून पत्ता नाही. बायकोचा फोन आला की कुणीतरी त्याला स्टँडवर पडलेलं बघितलं.”

“खुब्याचा एक आहे. पण तो तर—” पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथंच थांबला. “सर, तुमचा पेशंट म्हणजे कसला?”

“मायस्थेनियाचा.”

तिनं कप खाली ठेवला. नसांचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही असा तो आजार. पापण्या गळतात, आवाज नाकात जातो, जीभ अडखळते. परीक्षेला तिनं तो पाठ केला होता. भूल देणाऱ्याला तर पहिल्या वर्षातच बजावतात : या पेशंटला झोपेचं औषध म्हणजे श्वासाशी खेळ.

दोघं धावत खाली गेले. लोकय्या शांत झाला होता. फार शांत. ओठ निळसर पडले होते आणि छाती जेमतेम हलत होती. त्याच्या खाटेपासून चार पावलांवर बसून श्रीवत्स कागद भरत होता. दारुडा झोपलाय, असं समजून त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

नंतरचं सगळं सुमंगलानं स्वतःच्या हातानं केलं. श्वासाचं यंत्र लावलं, तोंडावर घट्ट मास्क बसवला, झोपेच्या औषधाचा उतारा दिला. छाती पुन्हा भरायला लागली, तशी तिनं सुई उचलली आणि जांघेत औषध सोडलं. औषधाचा अंमल चढला तसा लोकय्याचा आवळलेला चेहरा सुटत गेला. इतर कुणाच्या बाबतीत हा क्षण तिला फार आवडायचा. आज तिला तिकडे बघवेना.

“आज इतका वाईट कसा होता?” तिनं केदिलायांना विचारलं.

“आमच्यामुळे,” ते म्हणाले. “सगळी औषधं थकली म्हणून त्याला नव्या औषधाच्या अभ्यासात घेतला. मोजमापाच्या दिवशी सकाळची नेहमीची गोळी घ्यायची नसते, नाहीतर आकडे खोटे येतात. बिचारा नियम पाळून उभ्यानं बसमधून आला.” ते जरा थांबले. “बोट वर करून काय सांगत होता, ठाऊक आहे? माझा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे.”

श्वासाचा प्रसंग गंभीर होता. रात्रीत दुसरं जालीम औषध शिरेतून द्यावं लागलं. पुढं ऑपरेशन झालं, कमरेखाली भूल देऊन, आणि ती भूल सुमंगलानं स्वतः दिली. हाड बसलं, पण जे व्हायचं होतं ते झालंच. वाचवायला दुसरं औषध वापरावं लागलं की पेशंट अभ्यासातून बाहेर, असा नियम होता. केदिलायांनी हे तिला जिन्यात सांगितलं.

“अभ्यासात अर्ध्यांना खरं औषध देतात, अर्ध्यांना नुसतं पाणी. त्याला काय मिळत होतं, हे मलाही ठाऊक नाही. पण कितीतरी वर्षांनी तो ठसका न लागता पेज पीत होता.”

“माझ्यामुळे गेलं ते.”

केदिलायांनी तिला ‘नाही’ म्हटलं नाही.

तिनं झाला प्रकार लिहून अभ्यासांवर नजर ठेवणाऱ्या नैतिक समितीपुढे ठेवला. समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ. “अहो, कॅज्युअल्टीच्या गर्दीत कुणाच्याही हातून होतं. तुम्ही स्वतःहून सांगितलंत हीच मोठी गोष्ट,” असं म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली. त्या थापेनं तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. गर्दी नव्हतीच मुळी. पाच डॉक्टर एका माणसाभोवती उभे होते.

श्रीवत्स तिच्या मागोमाग खोलीत आला. डोळे लाल. “मॅडम, ते वर जायचं मी बोललो होतो.”

“आणि हसले मी,” ती म्हणाली. “तू पोरगा आहेस. मी हसले म्हणून तुला वाटलं, चालतं.”

लोकय्याचा मास्क निघाला त्या दुपारी ती त्याच्या खाटेपाशी गेली. त्याची बायको वारिजा पायथ्याशी स्टुलावर बसली होती. विड्या वळून वळून बोटांची टोकं काळपटलेली. सुमंगलाला बघून ती उठली नाही, बोलली नाही, नवऱ्याच्या पायावरची चादर तेवढी नीट केली.

“अण्णा,” सुमंगला म्हणाली, “त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. चारचौघांत. तुमचं ऐकून घेतलं नाही, आणि तुमचा जीव जायची वेळ आणली. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही.”

लोकय्यानं पापण्या वर उचलल्या. तेवढ्यालाही त्याला कष्ट पडले. सावकाश, एकेक शब्द जुळवत तो बोलला, “तुम्ही पहिल्या नाही बाई. मी बसवर कंडक्टर होतो. बावीस गावं माझ्या तोंडात पाठ. मग संध्याकाळ झाली की जीभ जड व्हायला लागली. शिट्टी वाजेना, वारा ओठांतून सुटायचा. पॅसेंजर म्हणाले, लोकय्या पितो. मालकानं बोलावलं.” तो थांबला, श्वास घेतला. “पण मालकानं निदान जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. वास नाही आला, तरी काढलं ते निराळं. पण घेतला.”

हे त्यानं टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसतं घडलेलं सांगत होता. सुमंगलाचे कान तापले. ती तशीच उभी राहिली, आणि वारिजा तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात सुमंगलानं शिकाऊ डॉक्टरांच्या सगळ्या तुकडीसमोर हा पेशंट मांडला. स्वतःचं नाव घेऊन, स्वतःचं वाक्य जसंच्या तसं म्हणून. दिल्लीच्या पाहुण्यांनाही कळवलं. त्यांनी सौजन्यानं आभार मानले. अभ्यास पुढं चालू राहिला, पण ‘नशेत असल्यास घेऊ नये’ या ओळीपुढं तिनं जोडलं की तपासल्याशिवाय कुणाला नशेत म्हणू नये, आणि ज्याला घेतलं नाही त्यालाही जांघेतली सुई द्यावी. केदिलायांच्या बरोबरीनं तीही औषध कंपनीशी पत्रव्यवहार करत राहिली. मोजमापात धरू नका, पण औषध तरी द्या, एवढंच मागणं. कंपनी ‘विचार करतो’ म्हणाली, मग गप्प बसली, मग पुन्हा ‘विचार करतो’ म्हणाली.

पावसाळा सरल्यावर एकदाचा होकार आला. केदिलाय फोन करणार होते, पण सुमंगला म्हणाली, “मी जाऊन सांगते.”

कारकळच्या पुढं, पोफळीच्या बागांमधून आत जाणाऱ्या वाटेवर लोकय्याचं कौलारू घर होतं. तो अंगणात वॉकर धरून चालत होता. ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं बसलेले. त्यांत कोरगप्प शेट्टी नावाचे म्हातारे गृहस्थ मधोमध, पान चघळत. वारिजानं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि न बोलता आत जाऊन तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला. पाहुण्याला द्यायचं म्हणून दिलं.

सुमंगलानं औषधाची बातमी सांगितली. लोकय्या खाली बसला. वॉकर बाजूला सरकवला. मग शेजाऱ्यांकडे वळून म्हणाला, “ह्या मोठ्या डॉक्टरबाई. माझा खुबा मोडला ना, तेव्हा ह्यांनी एक सुई मारली, आणि दुखणं कुठल्या कुठं. देवासारख्या भेटल्या बघा.”

“देवच पावला म्हणायचा!” शेट्टींनी हात जोडले. “अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.”

लोकय्या तिची लाज झाकत होता. आपल्या अंगणात आलेल्या बाईमाणसाची मान खाली जाऊ नये म्हणून. ते उमगलं आणि सुमंगलानं हातातला गुळाचा खडा खाली ठेवला. हॉस्पिटलात, समितीपुढं, वर्गात, सगळीकडे बोलून झालं होतं, पण तिथं बोलणं सोपं होतं. तिथल्या कुणी लोकय्याला दारुडा म्हणत वर्षं काढली नव्हती.

“नाही हो,” ती म्हणाली. “सुई मी नंतर मारली. आधी मी यांना दारुडा म्हणाले. सगळ्यांदेखत. तपासलंही नाही. वर चुकीचं औषध द्यायला लावलं आणि यांचा श्वास बंद पडत आला. यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हा आजारच तसा दिसतो.”

एकानं चपला शोधल्या. कोरगप्प शेट्टींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, मग उठून अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले, आणि तिथंच पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा लोकय्याच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाले, “आम्हाला काय कळणार, बाई. आम्ही आपलं जे दिसलं ते...” वाक्य तिथंच सोडून ते वाटेला लागले. मागोमाग दुसरेही गेले.

“कशाला सांगितलंत?” लोकय्या हळूच म्हणाला. “त्यांना आता माझ्या ओट्यावर यायची लाज वाटेल.”

आपण चांगलं केलं की पुन्हा स्वतःपुरतंच बघितलं, हे सुमंगलाला कळेना. ती पिशवी उचलून उठली.

“वाटू दे की लाज,” वारिजा म्हणाली. एवढ्या दिवसांत सुमंगलानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. “इतकी वर्षं मला वाटली, तिचं काय?” मग सूप मांडीवर ओढून घेत, मान वर न करता ती सुमंगलाला म्हणाली, “कारकळची बस आत्ताच गेली. पुढच्या गाडीला वेळ आहे. बसा.”

सुमंगला ओट्याच्या कडेला बसली. बस येईपर्यंत वारिजाची बोटं पानावर तंबाखू पसरत राहिली.