गुडघ्याएवढ्या उंचीवरचे ठसे

"काच एवढी लख्ख नका करू, बाई. खाली थोडा मळ राहू द्यावा," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

"मळ ठेवायचा पगार मिळतो का मावशी तुम्हाला?" तिने हसून उडवून लावलं होतं. त्या बंगल्याची व्यवस्थापक होऊन तिला जेमतेम चार तास झाले होते.

बंगला साठ वर्षांपूर्वीचा. सपाट छत, जमिनीपासून वरपर्यंत काचेच्याच भिंती, पलीकडे घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा पोहण्याचा तलाव. एके काळी इथे नटनट्या नाचायच्या. आता लोक तिकीट काढून बघायला येत. मावशी चाळीस वर्षं त्या काचा पुसत होत्या. पुसून झालं की तेलकट तळवा गुडघ्याएवढ्या उंचीवर ओळीने टेकवत जायच्या.

"पोरांना काच दिसत नाही हो. एका पार्टीत एका नटीचं पोर तलाव बघून धावलं आणि..."

पुढचं ऐकायला तिला सवड कुठे होती? तिने मालकांना कळवलं, मावशींची नजर अधू झाली आहे, काचांवर डाग राहतात. मालकांनी मावशींना घरी बसवलं.

महिन्याभरात पाळणाघराला सुट्टी आली, म्हणून ती लेकीला कामावर घेऊन आली. काचा आरशासारख्या. लेक तलावाकडे धावत सुटली. कपाळाला चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी ती मावशींचा उभा जिना चढली. मावशी एकट्याच राहत.

"लेकरू कसंय?" मावशींनी दारातच विचारलं.

"बरं आहे. मावशी, चुकलं माझं. परत या ना."

"अधू नजरेची बाई काय कामाची?" मावशी चहा ओतत म्हणाल्या. चहा कपाबाहेर सांडत होता. बोटाला चटका बसला तेव्हा कुठे त्यांना कळलं. तिने मालकांना मनानेच रचून कळवलं होतं, आणि ते खरं निघालं होतं.

परवापासून मावशी फोन उचलत नाहीत. लेकीला ताप आहे, ती कडेवरून उतरायला तयार नाही, नवरा परगावी. पोरीला कडेवर घेऊनच ती खिडकीशी जाते, परत येते, पुन्हा फोन लावते. तो वाजून वाजून बंद होतो.

तुमच्यापैकी कुणी त्या बंगल्यामागच्या गल्लीत जाणार असाल, तर शेवटच्या घराचा जिना चढून दार वाजवा. मावशींना कडी चाचपडायला वेळ लागतो. लगेच मागे फिरू नका.