मी पुसलेली हळदीची गाणी

मित्रांनो, सिनेमाच्या गाण्यांच्या संग्रहालयात काचेबाहेर ठेवलेला एक जुना टेपरेकॉर्डर तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. बाकी सगळ्या वस्तू इथे काचेत आहेत, मला मात्र हात लावायची परवानगी आहे. लोक येतात, आवडत्या गाण्याची एखादी ओळ म्हणतात आणि मी ती त्यांना लगेच परत ऐकवतो. मला आता त्याचे सुख नाही आणि दुःखही नाही. असे का झाले, तेवढे सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडोंचा एकदमच झाला, त्यामुळे त्यात सांगण्यासारखे काही नाही. मला विकत आणले ते म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या गुरुरावांनी. त्यांचे पूर्वज कापड रंगवत आणि छापत, गुरुराव ते शिवत. दुकानातल्या फळीवर बसून मी दिवसभर सिनेमाची गाणी वाजवत असे. मापे द्यायला आलेली माणसे कडवे संपेपर्यंत उठत नसत. गल्लीत माझे नाव होते आणि खरे सांगायचे तर मी थोडा शेफारलो होतो.

गुरुरावांची बहीण सुमा हिच्या हळदीला मला घरात नेले. या घरातल्या बायका हळदीची गाणी मराठीत म्हणत, पण चाली रेडिओवरच्या कन्नड सिनेमाच्या. नवरीचे, आत्याचे, मामाचे नाव त्यात ऐन वेळी गुंफायचे. गुरुरावांच्या पत्नी अंबाबाई यात पटाईत होत्या. त्यांनी कोरी कॅसेट आणवली आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, भाग्याला, माझ्या बटणांपाशी बसवले. वीस-पंचवीस मिनिटे त्या गात होत्या आणि मी भरून घेत होतो. माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेच.

नंतर अंबाबाईंनी कॅसेटवर 'सुमाची हळद, बायकांची गाणी' असे लिहिले. शब्द मराठी, पण अक्षरे कन्नड. घरातल्या सगळ्यांची शाळा कन्नड, मराठी फक्त बोलायची. तिच्यासाठी दुसरी अक्षरे कुठून आणणार? उरलेल्या जागेत भाग्याच्या हळदीची गाणी घालायची, असे त्यांनी ठरवले होते. भाग्याचे लग्न ठरण्याआधीच त्या वारल्या. मग मला हळदीला कोणी बोलावले नाही.

पुढची वर्षे माळ्यावर गेली. दुकान आवरताना भाग्याच्या भावाने, सुदीपने, मला जयलक्ष्मीपुरममधल्या या संग्रहालयाला देऊन टाकले. कॅसेट माझ्या पोटात तशीच होती. इथला कारागीर भुवन याने मला पुसून, नवा पट्टा घालून चालू केले. तो कन्नड बोलणारा. कॅसेटवरची अक्षरे त्याने वाचली, पण अर्थ लागेना. हा विभाग सांभाळणारी देवश्री पुण्याहून नोकरीसाठी आलेली. मराठी तिची, पण कन्नड अक्षरे तिला येत नाहीत. दोघे एकाच टेबलाशी बसतात. तरी त्याने तिला ते वाचून दाखवले नाही आणि तिने विचारले नाही. कॅसेट बरी दिसते, पाहुण्यांना चालेल, असे दोघांनी ठरवले. लावून कोणीच पाहिले नाही.

मित्रांनो, पाहुण्याने लाल बटण दाबले की माझे एक हेड जुना आवाज पुसते आणि दुसरे नवा भरते. पहिल्या दिवशी मला फार लागले. चौथ्या दिवशी कमी. नवव्या दिवशी मी नुसता फिरत होतो.

दहाव्या दिवशी बोगादीहून भाग्या आली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत.

"पुढच्या वारी, म्हणजे पुढच्या आठवड्यात, माझ्या लेकीची, मेघाश्रीची हळद आहे," ती देवश्रीला म्हणाली. "अम्माची गाणी ह्यातच राहिली म्हणून सुदीप सांगितला. स्वल्प लावता का? एक गाणं शिकून जाते. आमच्यात कुणालाच येत नाही आता."

"काकू, ह्यात तर पाहुण्यांचे आवाज आहेत," देवश्री म्हणाली आणि तिने भुवनला बोलावले. त्याने कॅसेट काढून लेबल वाचले, एकेक अक्षर लावत. ते कानावर पडले तशी देवश्री खुर्चीत बसली.

"काकू, हे मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"असू दे. लावा तरी."

कॅसेट सुरुवातीपासून लावली. हॅलो हॅलो. हसणे. कोणाची अर्धी ओळ, कोणाचा खोकला. भाग्या उभ्यानेच ऐकत होती. पंचवीस मिनिटे गेली, तरी ती हलली नाही. शेवटच्या पाहुण्याचा आवाज खट्कन तुटला आणि त्यामागून अंबाबाई बोलल्या. गाणे नव्हतेच. गाणी संपल्यानंतरचे बोलणे तेवढे वाचले होते.

"साकु गे भाग्या, झालं की. बंद कर आता, कॅसेट उगीच चाललीय."

भाग्याने बोट पुढे केले आणि मला बंद केले.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी कॅसेट सापडली, तर लाल बटणाआधी वाजवायचे साधे बटण दाबा आणि ती शेवटपर्यंत ऐका. वर काय लिहिले आहे ते कळले नाही, तर शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मला कोणालाच नको म्हणता येत नाही. परवापासून माझ्यात दुसरी कॅसेट घातली आहे. लोक येतात, बोलतात आणि मी भरून घेतो.