शून्यानं सुरू होणारे नंबर

इंद्रायणी सात वर्षं नेदरलँड्समधल्या एका औषधवाटप कंपनीचं काम बघत होती. त्या देशात मात्र तिनं एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. नोकरी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि बसायची ती जुन्नरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत. ओतूरच्या पलीकडं गावात तिच्या घरी नेट टिकत नव्हतं, म्हणून ही खोली घेतलेली. रोज सकाळी स्कूटीवर यायचं आणि साडेअकराला, तिकडं आठ वाजले की, लॅपटॉप उघडायचा.

ती डच कंपनी तिकडच्या चारशे वृद्धाश्रमांना औषधांच्या पेट्या पोचवायची. कुठल्या आजोबांना कुठली गोळी, किती आणि कधी, याच्या याद्या रोज पहाटे आपोआप तयार व्हायच्या. त्या याद्या काढणारी यंत्रणा इंद्रायणी सांभाळायची. कुठं अडकलं तर तिला ते ओळखीच्या चेहऱ्यासारखं लगेच ओळखू यायचं.

एप्रिलमध्ये तिकडच्या विभागप्रमुख अनेके यांनी मीटिंग लावली. अनेके पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या, कामाचं तेवढंच बोलणाऱ्या.

"आमची सगळी माहिती दुसऱ्या खंडातल्या कंपनीच्या क्लाउडवर आहे," अनेके म्हणाल्या. "उद्या तिकडच्या सरकारनं ती मागितली किंवा बंद करायला लावली, तर आमच्या हातात काही नाही. म्हणून आम्ही सार्वभौम क्लाउडवर जातोय. मशिनं युरोपातली, कायदा युरोपातला. लक्ष ठेवायला एआय आहे, तोही तिथंच चालणार."

"आणि माणसं?" इंद्रायणीनं विचारलं.

"माणसंही तिथंच राहणारी. जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी बारापासून बाहेरच्या कुणालाही आत येता येणार नाही. हे तुझ्या कामामुळं नाही, इंद्रायणी. नियमच तसा आहे."

तोवर सगळी माहिती नव्या जागी हलवायची, आणि जे काही ठाऊक आहे ते लिहून काढायचं, एवढं काम तिच्याकडं आलं. तिची टिपणं तो एआय वाचणार होता.

त्या संध्याकाळी घरी गेली तेव्हा तिचे वडील राघू अंगणात मेंढरांभोवती लावायची जाळी दुरुस्त करत बसले होते. मेंढपाळी सुटून घरात शेती आली, तरी त्यांनी पंचवीस-तीस मेंढरं राखली होती. इंद्रायणीनं उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगितलं.

राघूंनी ऐकून घेतलं. "म्हंजी त्यांच्या म्हाताऱ्यांच्या औषधांची वही परक्याच्या घरात व्हती."

"हां, आप्पा."

"आन आता सोताच्या घरात न्हेत्यात."

"हां."

"मंग बरुबर हाय की त्यांचं." त्यांनी दोरीची गाठ आवळली. "तुजं काय चुकलं म्हनत न्हाईत ना?"

"नाय."

"मंग?"

आप्पा बरोबर होते, आणि ते बरोबर आहेत हेच तिला सहन होत नव्हतं. त्यांनी त्या कंपनीला दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे सात आठवडे तिचं कुठंच मन लागेना. खोलीत बसवेना. जिना उतरून रस्त्यावर यायची, टपरीवर अर्धा चहा पिऊन उरलेला तसाच ठेवायची आणि पुन्हा वर जायची. माहिती हलवायचं काम बाकी ती नेटकं करत होती. रोज एक कप्पा नव्या जागी न्यायचा, जुळवून बघायचा आणि जुना बंद करायचा. दिवस संपला की आपल्याच हातानं आपण एकेका दाराला बाहेरून कुलूप लावतोय असं वाटायचं.

टिपणं लिहिताना जास्त त्रास व्हायचा. आपल्या डोक्यात एवढं काय काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. घड्याळं एक तास पुढं केली त्या रविवारी काय बघायचं, ईस्टरच्या आधी याद्या दुप्पट का होतात, कुठला वृद्धाश्रम फोनवर बदल कळवतो. एक-एक करत त्र्याऐंशी टिपणं झाली. प्रत्येक टिपणाखाली एआयचा लगेच निरोप यायचा: समजलं, धन्यवाद. सात वर्षं तिला जे समजत गेलं, ते त्याला एका क्षणात समजत होतं.

शेवटच्या गुरुवारी तिनं चौऱ्याऐंशीवं टिपण लिहिलं. ते जुन्या वृद्धाश्रमांच्या नंबरांबद्दल होतं. सगळ्यात आधी जोडल्या गेलेल्या एकतीस आश्रमांचे नंबर शून्यानं सुरू होत होते. पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं होतं की तो नंबर मशिनला आकडा म्हणून दिला की पुढचं शून्य गळतं, आणि मग त्या नंबराचा आश्रमच सापडत नाही. म्हणून तो नंबर मजकूर म्हणून वाचायचा, अशी सोय तिनं तेव्हाच करून ठेवली होती. नव्या जागी ती सोय हातानं पुन्हा करावी लागणार होती, आणि त्या कप्प्यात बदल करायची परवानगी फक्त तिकडच्या लोकांना होती.

चार ओळी लिहून झाल्या. पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि तिच्या मनात आलं, एवढं हुशार आहे, तर कळू दे त्याला आपलं आपण. तिनं ओळी पुसल्या आणि लॅपटॉप बंद केला. चाचणीत कुणाच्या तरी लक्षात येईलच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी ते टिपण पुन्हा लिहावं असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा ती उठून खाली रस्त्यावर गेली. शनिवारी दुपारी साडेतीनला, तिकडं बारा वाजले तेव्हा, पडद्यावर एक ओळ आली की तुम्हाला इथं प्रवेश नाही. खाली अनेकेंचा छोटासा निरोप होता, सात वर्षांबद्दल आभार मानणारा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती आईला, गजराबाईंना, घेऊन मंचरला गेली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला होता, आणि डोळ्यांचे बाहेरगावचे डॉक्टर मंचरला रविवारीच येत. दवाखान्यात गर्दी होती. डोळ्यांत थेंब घालून गजराबाई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी इंद्रायणीचा फोन वाजला. नाव अनेकेंचं होतं.

"मी फोन करतेय हे नियमात बसतं की नाही मला ठाऊक नाही," अनेके म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "नव्या जागेवरून आज पहिल्यांदाच याद्या काढल्या, त्यात एकतीस आश्रमांच्या कोऱ्या निघाल्यात. एआय म्हणतो सगळं ठीक आहे. कुठं चूक झालेली नाही."

यादी रिकामी निघणं ही त्याच्या लेखी चूक नव्हतीच. त्या नंबराचा आश्रम नाही, म्हणून औषधं नाहीत, असा त्याचा हिशेब होता.

एकतीस आकडा ऐकताच इंद्रायणीला पुसलेलं टिपण आठवलं. "गाड्या कधी निघतात?"

"साडेआठला. अजून पन्नास मिनिटं. या लोकांत इन्सुलिनवाले आहेत, हृदयाची औषधं घेणारे आहेत. मला तुला पडदा दाखवता येणार नाही. नावं सांगता येणार नाहीत."

"नका दाखवू. मी विचारते तेवढंच सांगा."

दवाखान्याबाहेर हायवे होता. ट्रक आणि एसट्यांच्या हॉर्नमध्ये एक शब्द नीट ऐकू येईना. आईला तिथंच बसायला सांगून ती शेजारच्या बटाट्याच्या वखारीत शिरली. तिथं गेणभाऊ नावाचे म्हातारे दिवाणजी गोणी शिवणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवून बसले होते.

"भाऊ, जरा आत बसू का? लई महत्त्वाचा फोन हाय."

गेणभाऊंनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मागच्या कोपऱ्यातल्या गोण्या दाखवल्या. शिवणारी माणसंही त्यांच्या खुणेनं थांबली.

ती गोणीवर बसली आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर सगळा पडदा तिला जसाच्या तसा दिसत होता. "डावीकडून तिसरा कप्पा उघडा. आश्रमांची यादी. पहिल्या रकान्याच्या वर काय लिहिलंय? मजकूर की आकडा?"

"आकडा."

"ते मजकूर करा. मग नंबर पुन्हा जुन्या यादीतून आणावे लागतील. पुढचं शून्य गळलंय."

तिकडं कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मग अनेके म्हणाल्या, "हे तुझ्या टिपणांत कुठं आहे? मी शोधलं, मला सापडलं नाही."

"नाहीये," इंद्रायणी म्हणाली.

"आले. शून्यं आली. आता सगळं पुन्हा चालवते."

"थांबा," ती एवढ्या जोरात म्हणाली की गेणभाऊ वळून बघायला लागले. "सगळं नका चालवू. बाकीच्यांच्या पेट्या भरून झाल्यात. त्यांच्या याद्या पुन्हा निघाल्या तर दुप्पट औषधं जातील. फक्त या एकतीस निवडा. खाली उजवीकडं खूण करायची जागा आहे."

तिकडं पुन्हा कळा वाजल्या. मग अनेके म्हणाल्या, "निघाली पहिली. भरलेली आहे." थोड्या वेळानं, "एकतीसच्या एकतीस." आणि फोन बंद झाला.

इंद्रायणीनं फोन मांडीवर ठेवला. गेणभाऊंनी तांब्यातून पाणी दिलं. "कोन आजारी हाय का, बाय?"

"नाय," ती म्हणाली. "आता नाय."

गाड्या दोन तास उशिरा निघाल्या. कुणाला इजा झाली नाही, हे तिला संध्याकाळी अनेकेंच्या निरोपातून कळलं. तरी तिला चैन पडेना. आईनं दोनदा विचारलं, डोळं माजं तपासलं आन तुजं का असं लाल?

सोमवारी तिनं पुण्याला तिच्या वरिष्ठाला, सुदर्शनला फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं. ते टिपण लिहून पुसल्याचंही सांगितलं.

सुदर्शन म्हणाला, "सुटलं म्हण. पुसलं म्हणू नकोस. एवढ्या कामात कुणाचंही सुटतं. आणि आता त्यांच्याकडं आपलं काम उरलेलंच नाही, कशाला उकरून काढायचं?"

"सुटलं नाही ना पण."

"इंद्रायणी, ते प्रोजेक्ट संपलंय."

तिनं त्याच दुपारी अनेकेंना पत्र लिहिलं. चौऱ्याऐंशीवं टिपण पूर्ण लिहून जोडलं. खाली लिहिलं की हे मी गुरुवारी लिहिलं होतं आणि रागानं पुसलं. राग तुमच्यावर नव्हता, पण कुणावर होता हे मलाही नीट सांगता येत नाही. त्या एकतीस घरांतल्या माणसांचा विचार मी त्या वेळी केला नाही, आणि तो करणं हेच माझं काम होतं.

चार दिवस उत्तर आलं नाही. त्या चार दिवसांत तिनं गोठा झाडला, बांधावरचं गवत काढलं, आप्पांबरोबर मेंढरांमागं माळावर जाऊन आली. मेंढरांच्या मागं चालताना तिनं राघूंना सांगून टाकलं.

राघूंनी चालता चालताच विचारलं, "सांगितलंस का त्या बाईला?"

"सांगितलं."

"मंग आता तिच्या हातात हाय," ते म्हणाले, आणि मागं राहिलेल्या एका कोकराला हाक देत पुढं गेले.

शुक्रवारी उत्तर आलं. अनेकेंनी लिहिलं होतं, "टिपण तुझ्या नावानं फाइलमध्ये लावलं आहे. ते उशिरा का आलं, हेही मी वरच्यांना कळवलं आहे, कारण तू लपवलं नाहीस तर मलाही लपवता येणार नाही. बाहेर फोन केल्याबद्दल मला लेखी समज मिळाली आहे. मी तुझ्यावर रागावले होते, अजून थोडा राग आहे. पण त्या सकाळी दुसऱ्या कुणाला फोन करावा हे मला सुचलं नाही, आणि याचा दोष तुझ्याकडं नाही. माणूस बाहेर ठेवताना त्याच्याजवळचं काय काय बाहेर जातं, ते आम्ही मोजलं नव्हतं."

तिनं ते पत्र तीनदा वाचलं. तिला मोकळं वाटलं नाही. पण त्या रात्री तिला जेवण गेलं.

पुढच्या आठवड्यात ती लॅपटॉप परत करायला एसटीनं पुण्याला निघाली. नारायणगावला गाडी थांबली असताना सुदर्शनचा फोन आला. डेन्मार्कमधली एक कंपनी, बेल्जियममधल्या दोन, सगळ्यांना आपापली माहिती युरोपातल्या क्लाउडवर न्यायची होती, आणि हे काम आधी केलेलं माणूस हवं होतं. पुढची दोन वर्षं तरी हे पुरेल, तो म्हणाला.

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळं हलवायचं, आणि शेवटी आपण बाहेर."

"हो. तेच काम आहे. जमेल का?"

खिडकीबाहेर एक बाई द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या रचत होती. इंद्रायणी तिच्याकडं बघत राहिली. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली.

"जमेल," ती म्हणाली. "पण टिपणं मी पहिल्या दिवसापासून लिहिणार, आणि त्याच दिवशी त्यांच्याकडं पाठवणार. माझ्याकडं काही ठेवणार नाही."

"बरं," सुदर्शन म्हणाला. "लॅपटॉप मग परत देऊ नकोस. तसाच घेऊन जा."

पुण्याचं तिकीट काढलेलं होतं, पण तिथं आता काम उरलं नव्हतं. मंचरला उतरून परत फिरावं की पुढं जावं, हे तिला मंचर येईपर्यंत ठरवता आलं नाही. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. ती मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून बसून राहिली, आणि पुण्यापर्यंत गेली.