खुर्चीच्या मागे

न्हाव्याला लोक भीत नाहीत. गळ्यावर वस्तरा टेकलेला असतो आणि माणूस खुशाल घोरत असतो. एवढा विश्वास लोक सख्ख्या भावावर ठेवत नाहीत. आमच्या अख्ख्या रस्त्यात मला घाबरणारी एकच बाई आहे, आणि ती माझी आई आहे.

आधी ती चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग गॅस बंद करायला विसरू लागली, मग मला विसरली. माझी बायको होती तोवर निभावलं. ती आईला रोज आंघोळ घालायची, कपडे बदलायची, शिव्या खायची आणि वर हसायची. उन्हाळ्यात तीच गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

तेव्हापासून आईच्या अंगाला पाणी लावणं माझ्याकडे आलं, आणि ती हात लावू देईना. गाऊनच्या बटणाला हात घातला की किंचाळायची, नखं मारायची, लाज नाही का वाटत म्हणून विचारायची. तिचं तरी काय चुकलं? तिच्या लेखी मी घरात घुसलेला कोणी परका बाप्या होतो. तिने ओळखावं म्हणून मी समोर उकिडवा बसून माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर धरायचो. आई, मी आहे, तुझा थोरला, असं पुन्हा पुन्हा सांगायचो. ती माझ्या पांढऱ्या मिशीकडे बघायची आणि आणखीच अंग चोरायची. तिचा थोरला शाळेत गेलेला असायचा.

बहिणीला फोन केला. ती दूर राहते आणि नवऱ्याच्या ऑपरेशनमध्ये अडकलेली. ती रडली, मी रडलो, आणि आम्ही फोन ठेवला. कामाला बाई लावली, तिला आई चावली. दुसरी ठरवली, ती पहिलीचं ऐकून उंबऱ्यावरूनच परत गेली.

मग आईच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, जखम झाली. डॉक्टरांनी बघितली आणि चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. रोज नीट धुतली गेली नाही तर ही आत शिरेल आणि मग काही हातात राहणार नाही, म्हणाले. तुम्हाला जमत नसेल तर त्यांना इथे ठेवा, आम्ही हात बांधून करू. चांगला माणूस, चांगल्या मनानेच बोलला. पण हात बांधून हे ऐकलं आणि मी आईला उठवलं. मी तिला घरी घेऊन आलो, आणि आणल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या मावशींचा देवावर फार भरवसा. गुडघे कामातून गेलेले, वाकता येत नाही, पण दाराशी खुर्ची टाकून मला धीर द्यायला कायम हजर. ज्याने चोच दिली तो चाराही देईल, म्हणाल्या. मी वैतागून म्हटलं, मावशी, चारा राहू द्या, एक बाईमाणूस पाठवायला सांगा त्याला. त्यावर त्या चिडल्या नाहीत.

"तो काम देतो ना, तो हातही देतो," त्या म्हणाल्या. "तू माग तर खरं."

मी मागितलं. देवाधर्मातला मी काही मोठा नाही, दुकान उघडताना हात जोडतो तेवढंच. पण त्या दिवसांत दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझ्याच खुर्चीत बसून त्याच्याशी भांडायचो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, मी देवाला लावत होतो. म्हणायचो, एवढ्या जगात तुला मीच सापडलो? दाढी-कटिंग करणारा माणूस मी, मला नर्सचं काम सांगतोस? सांगितलंस तर सांगितलंस, मग ते करायची अक्कल तरी दे. घरी जखमेला वास यायला लागला होता.

त्या दिवशी दुकानातली कापडं धुवायला घरी आणली होती, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतो ती. आईला कसंबसं न्हाणीघरात नेऊन स्टुलावर बसवलं, तर तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीतला नळ घट्ट धरला. बादलीतलं पाणी निवत चाललं होतं. मी विनवलं, ओरडलो, ओरडल्याबद्दल माफी मागितली. ती थरथरत होती. शेवटी मी नाद सोडला. आज नाहीच होत तर निदान कापडं भिजवू, म्हणून पिशवीतलं एक काढलं आणि झटकलं. झटकल्याशिवाय कापड पाण्यात घालायचं नाही, ही बाबांची शिस्त. हात आपोआप करतो.

तो फटकारा ऐकला आणि आईने नळ सोडला. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हनुवटी खाली घेतली.

बाबांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. आईचे केसही तेच कापायचे. जन्मभर तो आवाज तिच्या कानावर पडत आला होता, आणि त्या आवाजानंतर स्वस्थ बसायचं असतं हे ती विसरली नव्हती.

मी मागे उभा राहिलो, न्हावी उभा राहतो तसा, आणि कापड तिच्या पुढून घेऊन मानेवर गाठ मारली. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत ती झाकली गेली. पाठ तेवढी उघडी, माझ्या बाजूला. कापडाखालून हात घालून मी बटणं काढली आणि गाऊन खाली सरकवला. मी दुकानात बोलतो तसा बोलत राहिलो, हवा कशी आहे, डास किती झालेत, पाणी कढत नाही ना. न बघता, नुसत्या हाताने, तिचं सगळं अंग धुतलं. जखम धुतली. ती कण्हली, पण हलली नाही.

देवाने हात दिले होते. ते माझेच होते, आणि मी इतके दिवस तिच्यासमोर तोंड घेऊन बसलो होतो.

"तुमचा हात हलका आहे," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "आमच्या ह्यांचा असाच होता. माझा मुलगासुद्धा हेच काम करतो."

माझा हात थांबला. मी आहे ना, आई, हे अगदी ओठांवर आलं. पण ते ऐकून ती वळली असती, मिशी बघितली असती, आणि उद्या पुन्हा नळ धरून बसली असती. जखम अजून ओली होती.

"हो का, काकू?" मी म्हणालो. जन्मदात्या आईला काकू म्हणालो.

"पण तो येतच नाही हो. तुमच्या दुकानात आला तर सांगाल का, आई वाट बघतेय म्हणून?"

सांगतो, म्हणालो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मागे उभ्या राहणाऱ्याचं कोण बघतंय.

मावशी दाराशी बसल्याच होत्या. आई धुतलेल्या कपड्यांत शांत झोपलेली बघून त्यांनी हात जोडले. बघ, दिलं की नाही त्याने, म्हणाल्या. दिलं, म्हणालो. आणखी जे मागायचं होतं ते मला मागता आलं नाही. मी ते कापड धुतलं आणि उद्यासाठी न्हाणीघरातच वाळत घातलं.